धावायचे बूट : कोणाला कोणते, किती रुपयांत?

धावायला सुरुवात करायची, म्हणून तुम्ही बूट घ्यायला निघालात. दुकानात शिरण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. कुठे धावणार? आठवड्याला किती किलोमीटर? आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये किती? ही तीन उत्तरे तुमच्याकडे असतील, तर विक्रेता तुम्हाला बूट दाखवेल. नसतील, तर तो तुम्हाला किंमत दाखवेल.

पायाची लांबी घरीच मोजा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा, पट्टीने मोजा. दोन्ही पाय मोजा; बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. मोठ्या पायाचे माप धरायचे. हे संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि धावतानाही तो सुजणारच आहे. खरेदीलाही संध्याकाळीच जा.

बूट क्रमांकावर विसंबू नका. ‘मला आठ नंबर लागतो’ या वाक्याला फारसा अर्थ उरलेला नाही. यूके ८ म्हणजे एका कंपनीत २६.५ सेंटिमीटर, दुसरीत २७, तिसरीत २७.५. बुटाच्या जिभेमागच्या लेबलवर सीएम किंवा जेपी असे लिहून पुढे आकडा असतो, तो पाहा. पायाच्या लांबीपेक्षा हा आकडा साधारण एक सेंटिमीटरने जास्त हवा. रोजच्या चपलेच्या किंवा ऑफिसच्या बुटाच्या मापापेक्षा धावायचा बूट अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. नखे काळी पडण्याचे सर्वात मोठे कारण आखूड बूट हेच असते.

आता कोणाला काय.

तुम्ही नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालता, मध्येच थोडे धावता, आठवड्याला दहा-बारा किलोमीटर होतात. तुम्हाला दीड ते साडेतीन हजारांचा बूट पुरतो. डिकॅथलॉनचे सुरुवातीचे धावण्याचे बूट, कॅम्पस, स्पार्क्स यांचे वरच्या किमतीचे मॉडेल, मोठ्या परदेशी कंपन्यांची सर्वात खालची श्रेणी सवलतीत मिळाली तर तीही. यापुढे एक रुपया जास्त घालू नका. तीन महिने टिकून राहिलात, तर पुढच्या जोडीला खर्च करा. पाच महिन्यांनी चपलांच्या स्टँडवर पडून असलेले बारा हजारांचे बूट नाशिकमध्ये घरोघरी सापडतील.

तुम्ही आठवड्याला २५ ते ५० किलोमीटर धावता, गंगापूर रोडवरून सोमेश्वर, पुढे धरणाच्या किंवा गिरणाऱ्याच्या दिशेने रविवारी लांब पल्ला करता, दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन डोक्यात आहे. तुम्ही खरे ग्राहक. तुम्हाला ‘डेली ट्रेनर’ म्हणतात तो बूट हवा : चांगला फोम, टाचेखाली आणि चवड्याखाली पूर्ण रबर, वजन २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास. किंमत साडेचार ते तेरा हजार. या पट्ट्यात कंपन्या दरवर्षी नवा क्रमांक काढतात आणि आदल्या वर्षीचे मॉडेल ३० ते ४० टक्के उतरते. तेरा हजारांचा बूट ३५ टक्के सवलतीत ८,४५० ला पडतो. नव्या आणि जुन्या आवृत्तीत बहुतेक वेळा वरचे कापड आणि रंग यांचाच फरक असतो. जुनीच घ्या.

वजन ८५ किलोच्या वर असेल, तर अंगठ्याने दाबल्यावर खोलवर जाणारा मऊ फोम टाळा. दुकानात तो गादीसारखा वाटतो, महिन्या-दोन महिन्यांत बसतो. रुंद तळ, जरा कडक फोम, जास्त रबर. पाय रुंद असेल तर लेबलवर २ई किंवा ‘वाइड’ असे शोधा. पुरुषांची नेहमीची रुंदी डी, महिलांची बी. रुंद माप नाशिकच्या दुकानात क्वचितच ठेवलेले असते. विक्रेता एक नंबर मोठा देऊन वेळ मारून नेतो. मग बूट लांबीला मोठा आणि रुंदीला तोच, आणि टाच मागे निसटते. अशा वेळी नाही म्हणा आणि ऑनलाइन मागवा. महिलांना रुंदी कमी पडत असेल तर त्याच मॉडेलचा पुरुषांचा बूट सेंटिमीटर जुळवून घ्यायला हरकत नाही. रंगाखेरीज बिघडत काही नाही.

पोलिस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हिशेब वेगळा. राज्य पोलिस शिपाई भरतीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावायचे असते. जाड, उसळणारा तळ इथे कामाचा नाही. हलका, कमी उंचीचा, मातीत पकड घेणारा बूट हवा. दोन ते साडेतीन हजार पुरेत. अकॅडमीने ‘आमच्याकडूनच बूट घ्या’ असा आग्रह धरला, तर तोच मॉडेल कोड बाजारात विचारा आणि मगच पैसे द्या. खिळ्यांचे बूट घेण्याआधी प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा; चालत नसतील तर पैसे पाण्यात. आणि बूट नाहीत म्हणून सराव थांबवू नका. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावत होत्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. ‘बेअरफूट’ नावाचे पातळ तळाचे महागडे बूट विकणारे मात्र हे उदाहरण देतील, त्याला भुलू नका. लहानपणापासून अनवाणी वाढलेला पाय आणि वीस वर्षे बुटात राहिलेला पाय एक नव्हे.

पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी अशा डोंगरवाटा धावणार असाल तर ‘ट्रेल’ बूट. तळाला चार-पाच मिलिमीटरचे दाते, पुढे बोटांना संरक्षण. साडेतीन ते दहा हजार. पण आठवड्यातले पाच दिवस डांबरावर आणि महिन्यातून एकदा डोंगरावर असाल, तर ट्रेल बूट घेऊ नका. डांबर ते दाते खाऊन टाकते. शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर दात्यांचा उपयोग होत नाही, तिथे रबर चिकट हवे आणि वेग कमी.

राहिले कार्बन प्लेटवाले. पंधरा ते पंचवीस हजार. २०१७ मध्ये हे बूट गाजले, ते चार टक्के ऊर्जा वाचते या निष्कर्षामुळे. ती चाचणी ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंवर झाली होती. ताशी १० किलोमीटरच्या आसपास नंतर झालेल्या चाचण्यांत बचत बरीच कमी दिसली. तुम्ही अर्धमॅरेथॉन सव्वादोन तासांत पूर्ण करत असाल, तर हे पैसे वाचवा. उंच, डळमळीत तळ थकलेल्या घोट्याला त्रासच देतो. रस्त्यावरच्या शर्यतीत तळाची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, असा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. काही सरावाचे बूट त्याहून जाड असतात, आणि विक्रेता हे सांगत नाही. बक्षिसासाठी धावणाऱ्यांनी पाहून घ्यावे.

पायाची ‘तपासणी’ आणि तिचे बिल

दुकानात सर्वात जास्त पैसे इथे निघतात. ओल्या पायाचा ठसा घेतात, किंवा काचेच्या यंत्रावर उभे करतात, रंगीत चित्र दाखवतात आणि सांगतात : तुमचा तळपाय सपाट आहे, पाय आत वळतो, तुम्हाला ‘स्टॅबिलिटी’ बूट आणि हा इनसोल लागेल. बूट तीन-चार हजारांनी महाग, इनसोल हजार-दीड हजारांपासून पुढे. तपासणी ‘मोफत’.

अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर यांनी २००९-१० च्या सुमारास हजारो प्रशिक्षणार्थींवर हेच तपासले. एका गटाला तळपायाच्या कमानीनुसार बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत सांगण्याजोगा फरक पडला नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी सहकाऱ्यांसह मांडले की, धावणाऱ्याने पायाला जो बूट सर्वात आरामदायी वाटतो तो निवडावा. तेव्हा यंत्राचे चित्र पाहा, कौतुक करा, पण पैसे पायाला विचारून द्या.

अपवाद आहेत. टाच, पोटरी किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा, बुटाच्या दुकानात नव्हे. मधुमेह असेल आणि तळपायाला बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा बूट घालून धावू नका; फोड आलेला कळतच नाही आणि प्रकरण चिघळते. वैद्यकीय इनसोल लागणारच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, माप तज्ज्ञाकडे द्या, आणि बूट घेताना तो इनसोल सोबत न्या.

‘ड्रॉप’ हा शब्दही कानावर पडेल. टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे, तो आकडा. साधारण बुटात ८ ते १२ मिलिमीटर असतो. तुमच्या जुन्या बुटात जो होता, त्याच्या आसपास राहा. अचानक ० किंवा ४ वर उतरलात की भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो.

दुकानात काय करायचे

नेहमीचे धावायचे मोजे घालून जा. दुकानातले पातळ मोजे घालून माप चुकते. दोन्ही बूट घाला, नाड्या पूर्ण बांधा, उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. करंगळी बाजूला दाबली जाता कामा नये. टाच उचलली तर मागे निसटता कामा नये. आतला इनसोल काढून त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर आला तर बूट अरुंद आहे. मग धावा. दुकानातल्या दुकानात, शक्य असेल तर दारासमोर, दोन-तीन मिनिटे. लाज बाळगू नका, पैसे तुमचे आहेत. ‘वापरल्यावर सैल होतील’ हे वाक्य ऐकू आले की बूट परत ठेवा. चामड्याचे सैल होतात. धावायच्या बुटांचे कापड जवळपास तेवढेच राहते.

किमान तीन जोड्या घालून पाहा. कॉलेज रोड, महात्मा गांधी रोड आणि सिटी सेंटर मॉल मिळून एका संध्याकाळी हे होते. एकाच कंपनीच्या दुकानात तीन मॉडेल पाहणे म्हणजे पाहणे नव्हे. रविवारी संध्याकाळ टाळा, विक्रेत्याला वेळ नसतो. सवलतीचे मोठे हंगाम दोन : जानेवारी आणि जुलै. दसरा-दिवाळीला गर्दी जास्त, सूट कमी.

पण शर्यत असेल तर सवलतीची वाट पाहू नका. नाशिकची मविप्र मॅरेथॉन जानेवारीत, मुंबई मॅरेथॉनही जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. बूट नोव्हेंबरअखेर घरात हवेत, म्हणजे लांब पल्ल्याचे तीन-चार रविवार त्यात होतात. शर्यतीच्या सकाळी नवे बूट घालणारे दरवर्षी मॅरेथॉन चौकात दिसतात, आणि परतीच्या वाटेवर लंगडतानाही दिसतात.

खोके बघा. त्यावर छापील किंमत, निर्मितीचा किंवा आयातीचा महिना-वर्ष, आयातदाराचे नाव असणे बंधनकारक आहे. तीन-चार वर्षे गोदामात पडलेल्या बुटाचा गोंद सुटतो, फोम कडक होतो. दोन वर्षांपेक्षा जुना माल फार स्वस्त मिळाला तरच, आणि तळ हाताने वाकवून पाहूनच. जिभेमागच्या लेबलवरचा मॉडेल कोड आणि खोक्यावरचा कोड जुळला पाहिजे. नऊ हजारांचा बूट पंधराशेला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळतो, त्यात नक्कल फक्त वरच्या कापडाची असते. आतला फोम नुसता स्पंज. फिरायला घाला, धावायला नको.

बिलातले चोरखिसे

छापील किंमत सर्व करांसह असते. त्यावर जीएसटी वेगळा लावणे बेकायदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. बिलावर करापूर्वीची रक्कम २,५०० किंवा कमी असून कर १८ टक्के लावला असेल, तर तिथेच विचारा. ‘४० टक्के सूट’ लिहायचे आणि काउंटरवर सवलतीच्या किमतीवर पुन्हा कर लावायचा, ही युक्ती जुनी आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये पादत्राणांच्याच एका दुकानाच्या प्रकरणात ती अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. तेव्हा कर व्हॅट होता, एवढाच फरक.

पिशवीचे पैसे. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने बुटांच्या एका दुकानाला तीन रुपयांच्या कागदी पिशवीपायी एकूण ९,००० रुपये भरायला लावले. तरी दुकाने मागतातच. घरून पिशवी न्या, वादच नको.

मोज्यांची जोडी, बूट चमकवायचा फवारा, वास घालवायची गोळी, जादा नाड्या : काउंटरवर हे ‘कॉम्बो’ म्हणून सरकवतात. यातले फक्त मोजे घ्या, तेही सुती नकोत. घामाने ओले होऊन फोड आणतात. घाम शोषून न धरणारे कृत्रिम धाग्याचे, १५० ते ४०० रुपयांत मिळतात.

पक्के बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले असले, तरी सदोष मालाला ते लागू नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेणे दुकानदाराला भाग आहे. मात्र माप चुकले हा दोष नव्हे. माप बदलून मिळेल का, किती दिवसांत, पैसे परत की फक्त कूपन, हे आधी विचारा आणि बिलाच्या मागे लिहून घ्या. पहिले दोन दिवस बूट घरातच, फरशीवर घालून फिरा. तळाला माती लागली की बदलून मिळण्याची शक्यता संपली.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचे नाव पाहा, नुसत्या संकेतस्थळाचे नव्हे. परतीची मुदत प्रत्येक वस्तूच्या पानावर वेगळी असते, ती वाचा. ‘फक्त बदली, परतावा नाही’ असे बारीक अक्षरात असते. खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. स्थानिक दुकानात माप घालून पाहायचे आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचे, हे सगळेच करतात. दुकानदाराला ऑनलाइन किंमत दाखवून ‘एवढ्यात देता का’ विचारा. पुष्कळदा देतो, निदान मोजे तरी.

तक्रार करायची तर आधी दुकानाला लेखी, ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. सात दिवसांत हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षे. कंपनी बंगळुरूची असली तरी तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच करता येते. कागद लागतील ते : बिल, खोक्यावरच्या लेबलचा फोटो, बुटाचे फोटो, दुकानाशी झालेला पत्रव्यवहार.

किलोमीटरला किती पडले?

किंमत नव्हे, हा आकडा पाहा. चांगला बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. ४,५०० चा बूट ६०० किलोमीटर चालला तर किलोमीटरला साडेसात रुपये. १३,००० चा ७०० चालला तर साडेअठरा. २२,००० चा कार्बन बूट ३०० किलोमीटरवर मऊ पडला तर त्र्याहत्तर. बाराशेचा २५० चालला तर पावणेपाच, पण तोवर पाय कुरकुरू लागलेला असतो. आठवड्याला ३० किलोमीटर धावणाऱ्याला ६०० किलोमीटर म्हणजे पाच महिने. वर्षाला किमान दोन जोड्या, असे बजेट धरा : नऊ ते सतरा हजार. पहिल्या दिवसाची तारीख जिभेच्या आत पेनाने लिहा.

दोन जोड्या आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात असे करणाऱ्यांना दुखापती कमी झालेल्या दिसल्या. खर्च वाढत नाही. दोन्ही दुप्पट दिवस पुरतात. पावसाळ्यात तर हे लागतेच, कारण एक जोडी वाळत असते. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, इनसोल बाहेर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमागे नको, उन्हात नको, वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नको. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे बूट कडक वाटला तर तो बिघडलेला नाही. फोम गारठ्याने आखडतो, पहिले दोन किलोमीटर सावकाश धावा.

तळ सुटला आणि फोम ठीक असेल, तर मोची शंभर-दोनशे रुपयांत चिकटवून शिवून देतो. फोमच बसला असेल, म्हणजे तळाच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडून राहिल्या असतील, बूट टेबलावर ठेवल्यावर एका बाजूला कलत असेल, तर दुरुस्तीवर खर्च करू नका. ‘जुने द्या, नवे घ्या’ योजनेत जाण्याआधी तेच मॉडेल योजनेशिवाय दुसरीकडे कितीला आहे ते पाहा. पाचशे रुपयांची सूट द्यायला छापील किमतीवरची आठशेची सवलत काढून घेतलेली असते. जुनी जोडी मंडईत जायला ठेवा.